‘नॉन’मागचं युद्ध आणि गोव्याचा धसका

मानोएल द ऑलिव्हेरा यांच्या १९९० सालच्या ‘नॉन’ या पोर्तुगीज चित्रपटात काही सैनिक ट्रकमध्ये बसून आफ्रिकेतल्या रानातून चालले आहेत. आपण इथे नक्की कशासाठी लढतोय, यावर त्यांचा वाद चालू आहे. लेफ्टनंट काब्रिता त्यांना पोर्तुगालच्या जुन्या पराभवांच्या कथा सांगतो. १५७८ साली मोरोक्कोत, अल्कासर किबिरच्या लढाईत राजा सेबास्तियांव सैन्यासह मारला गेला, ती कथाही त्यात येते.

सैनिकांच्या त्या प्रश्नाचं मूळ १९५१ मध्ये आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने तेव्हा घटना बदलून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. अंगोला, मोझांबिक, गिनी (आजचा गिनी-बिसाऊ) आणि आपला गोवा, सगळेच कागदोपत्री पोर्तुगाल ठरले. वसाहतच नाही, तर स्वातंत्र्य कसलं मागता, असा लिस्बनचा युक्तिवाद. प्रत्यक्षात अंगोलातल्या बैशा द कसांजे भागात शेतकऱ्यांना एका कंपनीसाठी सक्तीने कापूस पिकवावा लागे, तोही कवडीमोल भावाने. जानेवारी १९६१ मध्ये त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांच्या गावांवर विमानांतून बॉम्ब पडले. फेब्रुवारीत अंगोलाची राजधानी लुआंडात तुरुंगावर हल्ला झाला. मार्चमध्ये उत्तरेत मळेवाल्यांची आणि त्यांच्या आफ्रिकी मजुरांची कत्तल झाली, आणि त्याचा सूड त्याहून भयंकर निघाला. १९६३ मध्ये गिनी पेटली, १९६४ मध्ये मोझांबिक.

त्याच १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. आपण तो दिवस आनंदाचा म्हणून जाणतो. पोर्तुगीज लष्करात त्याची आठवण वेगळी राहिली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरणागती नको, असं सालाझारने गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांना कळवलं होतं. हाताशी जेमतेम तीन-साडेतीन हजार सैनिक आणि नावापुरती शस्त्रं. वासालो इ सिल्व्हांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली आणि हजारो जीव वाचवले. माझ्या मते त्या राजवटीतल्या सेनापतीने घेतलेला तो सर्वांत शहाणा निर्णय होता. त्याबद्दल त्यांना लष्करातून बडतर्फ केलं गेलं.

आफ्रिकेत लढणारे अधिकारी हे विसरले नाहीत. युद्ध तेरा वर्षं चाललं, सुमारे आठ लाख पोर्तुगीज तरुण तिथे पाठवले गेले, आठ हजारांहून अधिक परतले नाहीत. आफ्रिकी मृतांची धड मोजदादच झाली नाही. डिसेंबर १९७२ मध्ये मोझांबिकमधल्या विरियामूत सैनिकांनी शेकडो गावकऱ्यांना मारलं. सप्टेंबर १९७३ मध्ये गिनीच्या बंडखोरांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. तिथे हार दिसू लागली तरी सालाझारचे वारस कायतानो वाटाघाटीला तयार नव्हते. पराभवाचं खापर पुन्हा लष्कराच्याच माथी फुटणार, ही भीती कॅप्टनांच्या गुप्त बैठकांत होती; बढतीच्या नव्या नियमांवरचा राग निमित्त ठरला. २५ एप्रिल १९७४ ला त्यांनी राजवट उलथवली. काब्रिताही चित्रपटात त्याच तारखेला मरतो.

ऑलिव्हेरांनी साम्राज्याच्या गौरवगाथेलाच हात घातला, हे धाडस मोठं आहे. पण नजर पोर्तुगालच्याच जखमांवर राहते. कसांजेचा कापूसवाला किंवा विरियामूची बाई तिथे बोलत नाही. ती बाजू पाहायची तर गिनी-बिसाऊच्या फ्लोरा गोमिश यांचा १९८८ चा ‘मोर्तु नेगा’ बघावा. त्यातली दिमिंगा दारूगोळा वाहणाऱ्यांच्या तांड्याबरोबर आघाडीवरच्या नवऱ्याला शोधत निघते, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर तिच्यापुढे दुष्काळ उभा राहतो.