११७ विजय, ११७ पराभव

एक रुपयाचं नाणं २३४ वेळा उडवलं, तर बरोबर ११७ छापे आणि ११७ काटे पडण्याची शक्यता साधारण वीसांत एक असते. ईलाय मॅनिंगच्या नशिबी नेमकं तेच आलं. न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा हा क्वार्टरबॅक २००४ ते २०१९ अशी सोळा वर्षं खेळला. साखळीतल्या २३४ सामन्यांत तो पहिल्या अकरांत होता. त्यातले ११७ जिंकले, ११७ हरले.

एवढंच असतं तर त्याच्यावर कोणी लेख लिहिला नसता. पण याच माणसानं दोन सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकले, दोन्ही अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडूचा किताब घेतला आणि दोन्ही वेळा समोर त्या काळातला सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी होता. माझा मामेभाऊ न्यू जर्सीत राहतो, जायंट्सचं मैदान त्याच्या घरापासून फार लांब नाही. हा विषय निघाला की तो ताटावरून उठायचाच काय तो बाकी राहतो. "दोन-दोनदा ब्रेडीला हरवणं म्हणजे नशीब?" त्याचा बॉस्टनचा मित्र शांतपणे म्हणतो, "कावळा बसला आणि फांदी मोडली." (मित्र नागपूरचाच आहे, म्हणून म्हण बरोबर येते.)

या भांडणात गंमत अशी की दोघांकडेही पुरावा आहे. म्हणूनच ते विज्ञानाच्या कामाचं आहे.

हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, तेव्हा दोन गोष्टी सांगून टाकतो. चेंडू हातात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले की नवे चार प्रयत्न. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू येण्यानं होते. धिप्पाड माणसं अंगावर येत असताना दोन-तीन सेकंदांत कोणाकडे फेकायचं ते त्यानं ठरवायचं. आणि दुसरी गोष्ट, जी या वादात सगळे विसरतात: चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की क्वार्टरबॅक बाकावर जाऊन बसतो. बचावाला वेगळे अकरा जण उतरतात. म्हणजे अर्ध्या सामन्यात तो प्रेक्षक असतो, तरी जय-पराजय मात्र त्याच्या नावावर लिहिले जातात.

आता ३ फेब्रुवारी २००८, मॅनिंगचा पहिला सुपर बोल. ब्रेडीचा न्यू इंग्लंड पेट्रियट्स त्या मोसमात १८ पैकी १८ सामने जिंकून आला होता. साखळीच्या १६ सामन्यांत त्यांनी ५८९ गुण केले होते, तोपर्यंतचा विक्रम. सामना संपायला सव्वा मिनिट उरलं आहे, जायंट्स १०-१४ असे मागे आहेत. आदल्याच प्रयत्नात मॅनिंगचा चेंडू पेट्रियट्सच्या असांटे सॅम्युअलच्या बोटांना चाटून बाहेर गेलेला. तो त्याच्या हातात बसता तर गोष्ट तिथेच संपली असती. पुढच्या प्रयत्नात दोघांनी मॅनिंगचा सदरा धरला, तो कसाबसा सुटला आणि त्यानं चेंडू मैदानाच्या मध्यभागी उंच भिरकावला. डेव्हिड टायरी नावाच्या खेळाडूनं उडी मारली आणि एका हातानं चेंडू स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरला. पाठीवर प्रतिस्पर्धी लोंबकळत असताना तो तसाच खाली आपटला, पण चेंडू जमिनीला लागला नाही. ३२ यार्ड. थोड्याच वेळात टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं), १७-१४.

टायरीनं त्या मोसमात साखळीत एकूण चार झेल घेतले होते. हेल्मेटवरचा हा झेल त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा ठरला.

कौशल्य कशाला म्हणायचं? एक साधी कसोटी आहे: ती गोष्ट पुन्हा करून दाखवता येते का? हेल्मेटचा झेल हजार वेळा करायला सांगा, बहुतेक वेळा चेंडू गवतावर. पण धरलेल्या सदऱ्यातून निसटून, पाय स्थिर करून, नजर वर ठेवणं? ते मॅनिंग इतरही सामन्यांत करत होता. म्हणजे एकाच प्रयत्नात दोन्ही मिसळलेलं आहे आणि हातानं वेगळं करता येत नाही. संख्येनं करता येतं, पण एका प्रयत्नावरून नाही.

त्यासाठी सगळी लीगच घ्यावी लागते. समजा सगळे संघ तंतोतंत सारखे आहेत आणि प्रत्येक सामना म्हणजे छापा-काटा. मग १६ सामन्यांत प्रत्येक संघ सरासरी ८ जिंकेल, पण सगळे नेमके ८ जिंकणार नाहीत. कोणी ६, कोणी १०, एखादा ११. हा पसारा मोजायचं माप म्हणजे प्रमाण विचलन. नाण्यासाठी ते सामन्यांच्या वर्गमुळाच्या निम्मं येतं: १६ चं वर्गमूळ ४, त्याचं निम्मं २ विजय. प्रत्यक्ष लीगमध्ये हा पसारा सुमारे ३ विजयांचा दिसतो. नशीब आणि कौशल्य यांचे वाटे काढताना या आकड्यांचे वर्ग घ्यावे लागतात, म्हणून ९ पैकी ४. एका मोसमात संघासंघांत जो फरक दिसतो, त्यातला चाळीस टक्क्यांहून अधिक नाणं उडवूनही मिळाला असता. आणि हे अख्ख्या संघाचं गणित झालं. एका खेळाडूचं नाव अजून घेतलेलंही नाही.

बास्केटबॉलमध्ये मोसमाला ८२ सामने असतात, त्यामुळे नशिबाचा वाटा बराच आक्रसतो. फुटबॉलमध्ये सामने थोडे, त्यात चेंडू लंबगोल. जमिनीवर पडला की कुठे उडेल ते चेंडूलाच ठाऊक. सुटलेला चेंडू कोणाच्या हाती लागतो, यात संघांचं कौशल्य जवळजवळ दिसतच नाही. एका वर्षी त्यात पुढे असलेला संघ पुढच्या वर्षी तसाच राहतो असं आढळत नाही.

विजय हे क्वार्टरबॅकचं माप म्हणून किती बेभरवशाचं आहे, हे पाहायला मॅनिंग घराण्याच्या बाहेर जायची गरज नाही. वडील आर्ची मॅनिंग न्यू ऑर्लिन्सचे क्वार्टरबॅक. दोनदा ऑल-स्टार सामन्यासाठी निवड झालेला गुणी खेळाडू, पण सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांत ३५ विजय, १०१ पराभव, ३ बरोबरी. एकाही मोसमात त्यांच्या संघानं पराभवांपेक्षा जास्त विजय मिळवले नाहीत. त्यांना कोणी अडाणी क्वार्टरबॅक म्हणत नाही. बिचाऱ्याचा संघच तसला, असं म्हणतात. मग तोच न्याय विजयांना का लावायचा नाही?

थोरला मुलगा पेटन तर मासलाच आहे. २०१३ च्या मोसमात त्यानं ५५ टचडाउन आणि ५,४७७ यार्ड फेकले, दोन्ही विक्रम. अंतिम सामन्यात ८-४३ असा मार खाल्ला. २०१५ च्या मोसमात त्याचा तळपाय दुखावलेला, साखळीत ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन (म्हणजे प्रतिस्पर्ध्यानं झेललेले चेंडू), मध्ये काही आठवडे बाकावर. त्या वर्षी तो सुपर बोल जिंकला. बचाव फळीनं जिंकून दिला, असं म्हणणं जास्त खरं. कारकिर्दीतल्या सर्वांत सुंदर वर्षी पराभव आणि सर्वांत वाईट वर्षी करंडक, एकाच माणसाच्या वाट्याला.

परत धाकट्याकडे. २००८ च्या त्या रात्री ५८९ गुणांच्या संघाला १४ वर रोखलं ते जायंट्सच्या बचावानं. ब्रेडीला त्यांनी पाच वेळा आडवा केला. तेव्हा मॅनिंग बाकावर पाणी पीत असणार.

त्याच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे इंटरसेप्शन. कारकिर्दीत २४४. तीन मोसमांत या बाबतीत तो लीगमध्ये पहिला होता, एकदा इतरांच्या बरोबरीनं. पण इथेही आकडे जरा उलगडून पाहावेत. २०१० मध्ये २५, पुढच्या वर्षी १६. २०१३ मध्ये २७, पुढच्या वर्षी १४. तो काय एक वर्षाआड आंधळा होत होता? त्याचं कारकिर्दीचं प्रमाण शंभर फेकींना तीन होतं. वर्षाला साडेपाचशे फेकी धरल्या तर साधारण १६ किंवा १७ इंटरसेप्शन अपेक्षित, आणि निव्वळ योगायोगानं ते चार-पाचनं इकडेतिकडे होणारच. चेंडू आपल्याच खेळाडूच्या पंजावरून उडून दुसऱ्याच्या हातात जातो, तरी नोंद फेकणाऱ्याच्या नावावर होते. २७ मात्र एवढ्यानं समजावता येत नाहीत. ते वर्ष खरंच वाईट होतं, पहिले सहाच्या सहा सामने संघ हरला होता.

टोकाच्या आकड्यानंतरचा आकडा बहुधा सरासरीकडे परततो, हे फ्रान्सिस गॉल्टननं १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीवरून दाखवलं. पण माणसाला नुसतं 'परतला' पुरत नाही, कारण लागतं. २०१४ मध्ये जायंट्सनं आक्रमणाचा नवा प्रशिक्षक आणला होता, इंटरसेप्शन निम्म्यावर आली आणि श्रेय त्याला मिळालं. त्याच्या छोट्या पासांच्या पद्धतीचा उपयोग झालाही असेल. पण तो आला नसता तरी आकडा २७ वर राहिला नसता. आपल्याकडे तापावर अंगारा लागू पडतो तो याच नियमानं: ताप सगळ्यात चढलेला असतानाच आपण अंगारा लावतो.

आता प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरचे बाद फेरीचे सामने. मॅनिंग सहा मोसमांत तिथे पोचला. चार वेळा पहिल्याच सामन्यात गारद, दोन वेळा चारही सामने जिंकून अजिंक्य. मधलं काहीच नाही. नाण्याचा हिशेब करू: चार सामने ओळीनं जिंकण्याची शक्यता सोळात एक. सहा खेपांमध्ये असं किमान दोनदा घडण्याची शक्यता येते जवळपास ५ टक्के, पुन्हा वीसांत एक. (योगायोग. २००८ च्या मोसमात पहिली फेरी माफ होती, ते बाजूला ठेवलं आहे.) एका माणसाकडे पाहिलं तर वीसांत एक म्हणजे चमत्कारच वाटतो. पण इतक्या वर्षांत पाच-सहा वेळा प्लेऑफ गाठणारे क्वार्टरबॅक पुष्कळ झाले. त्यांतल्या कोणाच्या तरी हाती असे दोन करंडक नुसत्या नाण्यानंही पडलेच असते. त्याचं नाव मॅनिंग निघालं.

मामेभाऊ इथे ताट सरकवतो, आणि त्याच्या बाजूनंही बोलायला हवं. २०११ चा जायंट्स संघ साखळीत ३९४ गुण करून ४०० खाऊन बसलेला होता. केलेल्यांपेक्षा जास्त गुण खाऊन अजिंक्य ठरलेला तो पहिला संघ. तो मोसम तरला मुख्यतः मॅनिंगच्या हातावर: ४,९३३ यार्ड आणि सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशात १५ टचडाउन पास, जो विक्रम होता. ५ फेब्रुवारी २०१२ च्या अंतिम सामन्यात ४० पैकी ३० पास पुरे, इंटरसेप्शन शून्य. शेवटची चार मिनिटंही उरली नव्हती, संघ दोन गुणांनी मागे, स्वतःच्या गोलरेषेपासून जेमतेम १२ यार्डांवर, आणि त्यानं डाव्या सीमारेषेच्या कडेला मारिओ मॅनिंगहॅमला ३८ यार्डांचा पास दिला. दोन बचावपटू जवळ, चेंडू पडायला जागा हातभर, झेलणाऱ्याचे दोन्ही पाय रेषेच्या आत टेकायला जेमतेम वाव. हेल्मेटच्या झेलासारखा हा पास जाहिरातींत दिसत नाही. मला विचाराल तर मॅनिंगच्या बाजूचा खरा पुरावा हाच. तो तिथे पडला नाही, टाकला गेला. अर्थात आदल्या मिनिटाला पेट्रियट्सच्या वेस वेल्करच्या हातून पास सुटला नसता, तर तो टाकायची वेळच बहुधा आली नसती.

आपल्याला हे नवीन नाही. २४ सप्टेंबर २००७ ला जोहान्सबर्गमध्ये शेवटचं षटक जोगिंदर शर्माला दिलं, मिसबाहनं चेंडू मागे उचलला, श्रीशांतनं झेलला, आणि धोनी हुशार की नशीबवान हा वाद अजून चालू आहे.

माझं मत विचाराल तर मॅनिंगचं सगळ्यात मोठं कौशल्य कुठल्याच चित्रफितीत दिसत नाही. नोव्हेंबर २००४ पासून २०१७ पर्यंत साखळीतले सलग २१० सामने तो सुरुवातीला मैदानात होता. जिथे गुडघे आणि खांदे मोसमागणिक तुटतात तिथे. भाऊ पेटनची मालिका २०८ वर मानेच्या शस्त्रक्रियेनं तुटली. ईलायची तुटली ती दुखापतीनं नव्हे, प्रशिक्षकानं बसवलं म्हणून. कधी खाली पडावं, कधी चेंडू टाकून द्यावा, हे त्याला कळत होतं. त्यातही नशीब आहेच, पण १३ वर्षं पुरेल इतकं नशीब कोणाकडे नसतं. सोडत लागायची तर आधी तिकिटं हवीत, आणि तिकिटं तो दर रविवारी रांगेत उभा राहून काढत होता.

ओहायोतल्या कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये जायला तो २०२५ मध्ये पहिल्यांदा पात्र ठरला, अंतिम यादीपर्यंत पोचला आणि मतदारांनी त्याला बाहेर ठेवलं.

आणि ते ११७-११७? डिसेंबर २०१९ मध्ये तो खरं तर बाकावरचा खेळाडू झाला होता. त्याची जागा घेतलेल्या तरुण डॅनियल जोन्सचा घोटा मुरगळला, म्हणून ३८ वर्षांच्या मॅनिंगला दोन सामने मिळाले. पहिला जादा वेळेत हरला: ११६-११७. दुसरा १५ डिसेंबरला मायामीविरुद्ध. त्यात त्यानं तीन इंटरसेप्शन फेकली आणि संघ ३६-२० असा जिंकला. पुढच्या आठवड्यात जोन्सचा घोटा बरा झाला.