गल्ला कोणाचा? झाडीपट्टीतलं नाटक सभागृहात जातं तेव्हा

गावच्या मंडळाने एखादं नवं नाटक बसवलं, दोन-चार ठिकाणी वाहवा झाली, की कोणीतरी म्हणतंच, ‘आता हे मोठ्या थिएटरला न्या.’ मुंबईत या बोलण्याला इतिहास आहे. 1970च्या दशकात छबिलदास शाळेच्या छोट्या सभागृहात प्रायोगिक नाटकं होत होती आणि व्यावसायिक रंगभूमीचं शिवाजी मंदिर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. नट, दिग्दर्शक दोन्हीकडे ये-जा करायचे. एकच दादर, एकच रेल्वे स्टेशन.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीच्या मुलखात ‘मोठं थिएटर’ म्हणजे काय, इथूनच गोंधळ सुरू होतो. कारण इथे व्यावसायिक नाटक सभागृहाची वाट पाहत थांबलंच नाही. धान कापून झालं की मोकळ्या बांधीत मंडप पडतो, रात्री दहाच्या सुमारास नांदी होते आणि भैरवीपर्यंत पहाट होते. हजारोंची गर्दी जमते. इतकी माणसं शहरातल्या कित्येक नाट्यगृहांत मावणारही नाहीत. मग यातलं लहान कोणतं आणि मोठं कोणतं?

मुळात हे सगळं दंडार आणि खडीगंमत या इथल्या लोकनाट्यांच्या अंगणातलं. दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, पाहुणेरावळे येतात, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री करमणूक असा बेत ठरलेला. संगीत नाटकाचं वारं इकडे पोचलं तेव्हा ते याच बेतात जाऊन बसलं. आधी गावची पोरंच स्त्रीपार्टासकट सगळी कामं करायची. मग नट्या बाहेरून आणायला सुरुवात झाली, मग पेटीमास्तर, मग नायक, आणि शेवटी अख्खी कंपनीच. या व्यवहाराचं केंद्र झालं देसाईगंज, म्हणजे वडसा. रेल्वे तिथे होती, माणसं आणि सामान उतरवायला सोपं पडायचं. तिथल्या नाटक कंपन्यांना लोक आजही ‘प्रेस’ म्हणतात. गाव प्रेसमध्ये जाऊन तारीख धरतं, आकडा ठरतो, विसार दिला जातो.

खरी मेख या आकड्यात आहे. कंपनीला ठरलेली रक्कम मिळते आणि तिकिटाचा गल्ला गावच्या मंडळाचा असतो. पाऊस पडला, शेजारच्या गावात त्याच रात्री दुसरं नाटक लागलं, तर फटका मंडळाला. चार पैसे उरले तर तेही मंडळाचे. त्यातून देवळाचं काम निघतं, शाळेला काही जातं. शहरात नेमकं उलटं. सभागृहाचं भाडं, जाहिरात, नटांची नाइट म्हणजे प्रयोगाचं मानधन, हे सगळं निर्मात्याच्या अंगावर आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर तोच बुडतो. झाडीतलं नाटक सभागृहात न्यायचं म्हणजे नेपथ्य मोठं करायचं असं बरेच जण समजतात. मला वाटतं, आधी जोखीम एका गावाच्या खांद्यावरून एका माणसाच्या खांद्यावर जाते आणि असा माणूस वडशाच्या व्यवहाराने कधी घडवलाच नाही. त्याची गरजच नव्हती.

त्यात 1956चं राजकारण. तोवर नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मराठी नाटकाचं सरकारदरबारचं केंद्र पश्चिमेला सरकलं. राज्य नाट्य स्पर्धेने नागपूर, चंद्रपूरच्या हौशी संस्थांना मंच दिला, पण स्पर्धेत गाजलेलं नाटक व्यवसायात न्यायचं तर दादर गाठावं लागे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्यात जन्मलेल्या महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ वैदर्भीय खेड्यातल्या देशपांड्यांचं घर दाखवतं. ते 1985मध्ये रंगमंचावर आणलं मुंबईच्या कलावैभवने आणि दिग्दर्शन विजया मेहतांचं. घर इकडचं, निर्माता तिकडचा.

नागपुरात आता सभागृहांची वानवा नाही. 2017मध्ये रेशीमबागेत सुरेश भट सभागृह उघडलं, तिथे सुमारे 2000 माणसं बसतात. अडचण घड्याळाची आहे. रात्रभराचं नाटक तीन तासांत बसवायचं तर कात्री लागते आणि ती पहिल्यांदा गाण्यांना लागते, मग विनोदी पात्राला. हे पात्र झाडीबोलीत बोलतं, ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘डोळा’ला ‘डोरा’ म्हणतं, तर नायक-नायिका पुस्तकी मराठीत. मंडपात लोक त्या विनोदी गड्यासाठीच जागे असतात, हे कात्री धरणाऱ्याला कोणी सांगावं! शिवाय प्रॉम्प्टर. हंगामात एकेक नट रोज वेगळ्या गावात, वेगळ्या भूमिकेत उभा असतो. तालमीला वेळ नसतो, विंगेतून आवाज येतो आणि मंडपातल्या गलबल्यात तो खपून जातो. सभागृहाच्या शांततेत तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू येतो.

उघड्या मैदानातही आता पूर्वीची मोकळीक नाही. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद केले. राज्याला वर्षातून 15 दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, पण नांदीच दहाला होणाऱ्या नाटकाला तिचा काय उपयोग? 2014मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट थांबले आणि दिवसा पट, रात्री नाटक ही जोडी मोडली. पट परत आले ते 2021च्या अखेरीस. मधल्या काळात करोनाने नाटकही बंद पाडलं होतं. 2023मध्ये झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांनी झाडीपट्टी म्हणजे काय हे वाचकांना पहिल्यापासून समजावून सांगितलं. इकडे आम्ही ते हसत वाचलं.

त्यानंतर ‘नागपूरला प्रयोग लावा’ ही मागणी वाढली. पण दिवाळी ते होळी नट मोकळे नसतात, प्रत्येक रात्र कोणत्या ना कोणत्या गावाने धरलेली असते. म्हणजे सभागृहासाठी उरतात एप्रिल-मे. विदर्भातल्या त्या उन्हात प्रेक्षक आणायचा, एसीसकट भाडं भरायचं आणि तिकीट मात्र मंडपातल्या सवयीचं ठेवायचं. वडशाच्या एका प्रेसमध्ये हा हिशेब मांडलेला मी पाहिला आहे. मालकाने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या मंडईची तारीख लिहून घेतली.