त्रात (थायलंड)

त्रात हा थायलंडचा अगदी पूर्वेकडचा किनारी प्रांत. एका बाजूला कंबोडियाच्या सीमेवरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला थायलंडचं आखात, मधल्या पट्टीत मच्छिमारांची गावं, खारफुटी आणि फळबागा. मुंबईतून थायलंडला जाणारी आपली बहुतेक मंडळी पट्टाया नाहीतर फुकेत करून परततात, त्रातपर्यंत फार कमी जण पोचतात.

१९०४ मध्ये सयामने (थायलंडचं जुनं नाव) हा भाग तेव्हा शेजारच्या कंबोडियावर राज्य करणाऱ्या फ्रेंचांना दिला आणि १९०७ च्या तहात तो परत मिळवला, पण त्यासाठी आता कंबोडियात असलेले बट्टमबांग, सिएम रीप आणि सिसोफोन सोडावे लागले, म्हणजे अंगकोरची देवळं गेली तेव्हा त्रात हाती आलं. पुढे १७ जानेवारी १९४१ ला इथल्या कोह चांग बेटाजवळ फ्रेंच आणि थाई आरमाराची लढाई झाली, तिचं स्मारक किनाऱ्यावरच्या लेम न्गोपला आहे, बेटाची बोट पकडायच्या आधी तिथे जरूर थांबावं.

'कोह' म्हणजे बेट आणि 'चांग' म्हणजे हत्ती. कोह चांग मोठं, डोंगराळ, जंगलाने भरलेलं आहे, आसपासच्या बेटांसकट त्याचा बराच भाग १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. गाडीसकट फेरीत चढायचं, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जातो तसंच, फक्त वेळ साधारण निम्मा. कोह कूट त्याहून निवांत, ख्लोंग चाओच्या धबधब्याखाली डुंबता येतं.

माझ्या मते सगळ्यात गोड कोह माक. माक म्हणजे सुपारी! बेट बऱ्यापैकी सपाट, सायकलवर फिरता येतं, रस्त्याच्या कडेने नारळ आणि रबराची झाडं, खोडावर तिरका काप आणि खाली बांधलेल्या वाटीत थेंबथेंब साठणारा पांढरा चीक, दोडामार्गकडे रबर बघितलेल्याला हे लगेच ओळखीचं वाटेल.

मुंबई ते बँकॉक विमानाने साडेचार तासांच्या आसपास, पुढे एकमाईच्या स्टँडवरून त्रातची बस, तिला पाच-सहा तास धरा. नोव्हेंबर ते एप्रिल बरा, कारण नैऋत्य मोसमी पाऊस आपल्यासारखाच तिकडेही झोडपतो आणि लहान बेटांच्या बोटी कमी होतात. मे-जूनमध्ये गेलात तर समुद्राचं सांगता येत नाही पण रांबुतान, मँगोस्टीन आणि दुरियान ही फळं भरपूर. दुरियान वासामुळे बऱ्याच हॉटेलांच्या रूमवर नेऊ देत नाहीत, तो फळवाल्याच्या हातगाडीपाशी उभं राहूनच खायचा.