वर्गातले सगळे डोळे

उत्तर येत असतं, पण हात वर होत नाही. बाई आपलं नाव घेतील या नुसत्या शंकेनंच घशाला कोरड पडते, कान तापतात. हायस्कूलमधल्या अशा मुलीला मोठी माणसं ‘भित्री’ म्हणून मोकळी होतात. मला हा तिच्यावर अन्याय वाटतो, कारण या वयात इतरांची नजर खरोखरच जास्त बोचते.

२०१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ लिया सॉमरव्हिल आणि सहकाऱ्यांनी ८ ते २२ वर्षांच्या मुलामुलींना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून सांगितलं, की कॅमेऱ्यातून तुमच्याच वयाचं कुणीतरी तुम्हाला बघतंय. खरं तर कुणीच बघत नव्हतं. तरी या नुसत्या कल्पनेनं त्वचेवर घाम येण्याची प्रतिक्रिया पौगंडावस्थेत सर्वाधिक दिसली. स्वतःविषयीच्या विचारांशी जोडलेला मेंदूचा पुढचा भागही लहान मुलांपेक्षा अधिक सक्रिय होता.

पण बघणारे आपल्याला वाटतात तितके नसतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. निम्म्या जणांच्या तरी ते लक्षात आलं असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांच्याच लक्षात आलं होतं.

हे नुसतं समजून भीती जात नाही. मेंदूला स्वतः अनुभव घ्यावा लागतो, आणि इथेच खरी गोम आहे. उत्तर देताना ती मान खाली घालते, वाक्य आधी दहादा मनात घोकते, पुटपुटून बसते. काही वाईट घडलं नाही, तर त्याचं श्रेय या युक्त्यांना जातं आणि भीती जशीच्या तशी राहते. १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी हे दुष्टचक्र नेमकं मांडलं. म्हणून पायरी छोटी असू दे, एखादा प्रश्न विचारण्याइतकी, पण न घोकता आणि समोर बघून. ‘सगळे हसतील’ हे भाकीत खोटं ठरलं, की त्या जुन्या भीतीशेजारी मेंदूत एक नवी आठवण तयार होते. आत्मविश्वास येतो तो अशा अनुभवांतून. तो आधी यावा म्हणून थांबलं, तर थांबूनच राहावं लागतं.

कान मात्र लाल होतीलच, होऊ द्यावेत. ते लपवण्याच्या खटपटीत सगळं लक्ष पुन्हा स्वतःकडे वळतं. लाल कानांनी दिलेलं उत्तरही उत्तरच असतं.

भीतीपायी शाळाच बुडू लागली, मैत्रिणी तुटू लागल्या, तर मात्र वय निघून जाण्याची वाट न बघता समुपदेशकाकडे जावं. सामाजिक चिंताविकाराची सुरुवात बहुधा याच वयात होते आणि त्यावर परिणामकारक उपचार आहेत.