वरातीचा बॉम्ब आणि सरहद्दीवरचे पप्पा

२०२५ चा मे महिना. भडगावकडचं आमच्या नात्यातलं घर. पोरगा सहा वर्षांचा, बाप फौजेत, ड्युटी जम्मूकडे. टीव्हीवर दिवसभर तेच: ड्रोन, सायरन, तांबडं आकाश. संध्याकाळी गल्लीत वरात आली, सुतळी बॉम्ब फुटला आणि पोरगं आजीच्या लुगड्यात शिरलं. रात्री अंथरूण ओलं झालं.

सकाळी कुणीतरी त्याच्यावर खेकसलंच, ‘एवढा घोडा झाला तरी!’ पण त्याचा काय दोष? मेंदूत, कानशिलाच्या आतल्या बाजूला, अमिग्डला नावाचा बदामासारखा भाग असतो. विचार जागा व्हायच्या आत तो भोंगा वाजवतो. ‘अरे, वरात आहे ती’ असं त्याला समजावणारा कपाळामागचा भाग पुरता पिकायला पंचविशी उजाडते. त्यात एकच स्फोट टीव्हीवर दहादा दिसला की लहान मुलाला ते दहा हल्ले वाटू शकतात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच अमेरिकाभर झालेल्या पाहणीत ३५ टक्के मुलांत ताणाचं एक तरी लक्षण दिसलं होतं. त्यातली बहुतेक मुलं हल्ल्याच्या जागेपासून कोसो दूर होती.

प्रत्यक्ष युद्धात होरपळलेल्यांचा हिशोब निराळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, संघर्ष पाहिलेल्या दर पाच माणसांत एकाला मानसिक आजार असतो. पण मला जास्त बोलकं वाटतं ते दुसऱ्या महायुद्धातलं लंडन. तिथे ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मनोविश्लेषक बायकांनी युद्धात सापडलेल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवली. बॉम्बपेक्षा आईपासूनची ताटातूट पोरांना जास्त मोडते, असं त्यांनी नोंदवलं. आई घाबरली नाही, तर पोरंही फारशी घाबरत नव्हती.

आमची आजी ओल्या फडक्यावर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, थापत होती. हात थांबला नाही.

“माय, पप्पा कव्हय येतीन?”

“सांजले फोन येई, तव्हय इचारूत.”

‘उद्याच येतील’ असली थाप तिने मारली नाही. अर्धओली बिबडी आणि मूठभर शेंगदाणे मात्र दिले.

पुढे दोन दिवस तो केळीच्या सोपटाचं विमान करून पाडत राहिला. घरच्यांना ते अभद्र वाटलं. पण धास्तावलेलं मूल एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळतं. शेवट कधीच बदलत नसेल, तर काळजी करावी. तिसऱ्या दिवशी विमान अंगणात नीट उतरलं. आतून पप्पा उतरले, त्यांना भूक लागली होती.