अथेन्सचं खापर आणि अथेन्सचं वाळीत

इंग्रजी-मराठी कोशात ‘ऑस्ट्रसिझम’ हा शब्द काढला की समोर ‘वाळीत टाकणे’, ‘बहिष्कार’ असे अर्थ येतात. आजच्या इंग्रजीपुरते ते बरोबरच आहेत. पण तोच अर्थ मनात धरून प्राचीन अथेन्सचा इतिहास वाचायला घेतला की घोटाळा सुरू होतो. अथेन्सने अरिस्टायडीसला वाळीत टाकलं असं वाचल्यावर डोळ्यांपुढे येतो तो मान खाली घालून गाव सोडणारा माणूस, ज्याच्या हातचं पाणीही कुणी पीत नाही. प्रत्यक्षात हा अरिस्टायडीस इ.स.पू. ४८२ मध्ये अथेन्सबाहेर गेला, इ.स.पू. ४८० मध्ये परत आला आणि पुढच्याच वर्षी पर्शियनांविरुद्ध प्लाटाईआच्या रणांगणावर अथेन्सच्या सैन्याचा सेनापती होता. वाळीत टाकलेल्या माणसाच्या हाती कुणी सैन्य देत नाही.

वाळीत टाकण्याच्या जवळ जाणारी गोष्ट अथेन्समध्ये होतीच, पण तिचं नाव वेगळं होतं: अतिमिया. ‘तिमे’ म्हणजे मान, प्रतिष्ठा, अधिकार. पुढचा ‘अ’ नकाराचा, आपल्या संस्कृतातल्या ‘अ’चाच सख्खा भाऊ. ज्याचा मान काढून घेतला तो ‘अतिमोस’. ऑस्ट्रसिझममध्ये, म्हणजे खापरांवर नावं लिहून होणाऱ्या मतदानात, नाव निघालं की माणूस शहराबाहेर जाई, पण त्याचा मान शाबूत राही. अतिमियात माणूस शहरातच राही आणि मान जाई. एवढा एक फरक पक्का धरला की पुढचं बरंच सोपं होतं.

आधी खापराचं पाहू. ‘ओस्ट्राकोन’ म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. त्या काळी लिहायला हाताशी असलेली सगळ्यात स्वस्त वस्तू. वर्षातून एकदा लोकसभेत, म्हणजे नागरिकांच्या ‘एक्लेसिया’त, एक प्रश्न टाकला जाई: यंदा खापरांचं मतदान घ्यायचं का? या वेळी कुणाचं नाव घेतलं जात नसे. लोक ‘हो’ म्हणाले तरी मतदान त्याच दिवशी होत नसे. मध्ये काही आठवडे जात. मग ठरलेल्या दिवशी बाजारचौकाला, अगोराला, कुंपण घालून दहा जमातींसाठी दहा वाटा ठेवत. ज्याला कुणी शहराबाहेर जावंसं वाटे, तो त्याचं नाव खापरावर कोरून आणे आणि आपल्या जमातीच्या वाटेने आत जाऊन टाकून देई. आरोप नाही, साक्षीदार नाहीत, भाषणं नाहीत, बचावही नाही. सहा हजारांचा आकडा मात्र लागे. हा आकडा एकूण मतांचा की एकाच माणसाविरुद्धच्या मतांचा, यावर प्राचीन लेखकांचंच एकमत नाही. प्लुटार्क पहिलं सांगतो, फिलोकोरोस दुसरं.

ज्याचं नाव निघे त्याने दहा दिवसांत निघायचं आणि दहा वर्षं परतायचं नाही. घरदार, शेती, शेतीचं उत्पन्न त्याचंच राही. नागरिकत्वही राही. मुदत संपली की तो परत येऊन सभेत बोलू शके, पदं भूषवू शके. आपल्याकडे खापर फोडतात ते दोष देण्यासाठी. अथेन्सच्या खापरात, निदान कायद्याच्या नजरेत, दोष नव्हताच.

मग हे कशासाठी? याचं उत्तर त्याआधीच्या काळात सापडतं. अथेन्समध्ये मोठ्या घराण्यांची भांडणं एकमेकांना हुसकावूनच मिटत. इ.स.पू. ५०८ मध्ये स्पार्टाचा राजा क्लेओमेनीस अथेन्सचा पुढारी इसागोरास याच्या बाजूने उतरला, तेव्हा सातशे कुटुंबं शहराबाहेर काढली गेली, असं हेरोडोटस सांगतो. सातशे कुटुंबं! बायका, पोरं, म्हातारी माणसं, सगळी. त्याच सुमारास सत्तेवर आलेल्या क्लेइस्थेनीसने खापराचा कायदा आणला असं अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेत नोंदलं आहे. त्या सातशे कुटुंबांशेजारी हा कायदा ठेवला की त्याचं मोल कळतं. आता एकच माणूस जाई, तोही दहा वर्षांसाठी, आणि त्याचं घर कुणी लुटत नसे. दोन पुढाऱ्यांची चुरस शहराला फाडण्याआधी त्यातला एक बाजूला करायचा, एवढंच काम. मला हा कायदा क्रूर वाटत नाही. त्या शतकातल्या ग्रीक राजकारणात याहून सौम्य उपाय क्वचितच सापडेल.

तो पहिल्यांदा वापरला गेला इ.स.पू. ४८७ मध्ये, जुन्या हुकूमशहांच्या नात्यातल्या हिप्पार्कोसवर. पुढच्या वर्षी मेगाक्लीस. इ.स.पू. ४८४ मध्ये झँथिपस, म्हणजे पेरिक्लीसचे वडील. तेही पर्शियाच्या स्वारीच्या वेळी परत आले आणि इ.स.पू. ४७९ मध्ये मिकालेच्या लढाईत अथेन्सचं आरमार त्यांच्याच हाताखाली होतं.

अरिस्टायडीसची गोष्ट प्लुटार्कने सांगितली आहे. मतदानाच्या दिवशी लिहिता न येणारा एक खेडूत त्याच्याकडेच आला आणि खापरावर ‘अरिस्टायडीस’ लिहून द्या म्हणाला. त्याने तुझं काय वाईट केलं, असं विचारल्यावर तो म्हणाला की काहीच नाही, मी त्याला ओळखतही नाही, पण जिकडेतिकडे त्याला ‘न्यायी’ म्हणतात ते ऐकून कंटाळा आला. अरिस्टायडीसने काही न बोलता आपलं नाव लिहून दिलं. गोष्ट खरी घडली असो वा नसो, पद्धतीचं मर्म तिच्यात नेमकं उतरलं आहे. गुन्हा लागत नसे, माणूस फार मोठा झालाय असं वाटणं पुरे होई.

अर्थात कायदा दोष देत नसला तरी माणसं देतच. अथेन्सच्या केरामेइकोस भागात १९६० च्या दशकात जर्मन उत्खननकारांना हजारो खापरं सापडली. त्यांतली कितीतरी एकट्या मेगाक्लीसच्या नावाची आहेत. बहुतेकांवर नुसतं नाव आणि बापाचं नाव. काहींवर मात्र राग ओकलेला आहे. कुणी मेगाक्लीसला व्यभिचारी म्हटलंय, कुणी कालियासला पर्शियनांचा माणूस. एकाने किमोनला बजावलं आहे की बहीण एल्पिनिकेला घे आणि चालता हो. एका खापरावर तर कुणा माणसाचं नावच नाही, ‘भूक’ असं लिहिलंय: त्या नागरिकाला शहराबाहेर घालवायची होती ती भूक. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका साध्या माणसाच्या घरातली टंचाई त्या तुकड्यातून थेट आपल्यापर्यंत पोचते.

आणि हे मतदान भाबडंही नव्हतं. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाची १९० खापरं एकगठ्ठा मिळाली. अक्षर तपासलं तर ती अवघ्या चौदा हातांनी लिहिलेली निघाली. कुणीतरी आधीच लिहून, वाटायला तयार ठेवली होती.

आता अतिमिया. इथे सगळं उलटं आहे. यात दोष हवाच. सरकारी पैसा थकवला, लाच घेतली, रणांगणात ढाल टाकून पळाला, लष्करी सेवेला हजरच झाला नाही, आईबापांना वाईट वागवलं, तीनदा खोटी साक्ष दिली, अशी कारणं आंदोकिडीस या वक्त्याने आपल्या एका न्यायालयीन भाषणात ओळीने सांगितली आहेत. अतिमोस झालेला माणूस सभेत बोलू शकत नसे, पंचांत बसू शकत नसे, कोणतंही पद घेऊ शकत नसे. देवळात आणि अगोरात त्याला बंदी. कुणी त्याच्यावर अन्याय केला तर खटला भरायचीही सोय नाही. मना केलेल्या जागी दिसला तर कुणीही नागरिक त्याला पकडून देऊ शके. काही वेळा बंदी अर्धवट असे: याला सभेत बोलता येणार नाही, त्याला फक्त अमुक प्रकारचा खटला भरता येणार नाही, असं.

मुख्य म्हणजे ती वारशाने येई. बापाने राज्याचं देणं ठेवलं तर बापाच्या मागे मुलगा अतिमोस, देणं फिटेपर्यंत. वेळेत भरलं नाही तर रक्कम दुप्पट. खापराने कधी कुणाच्या मुलाला हात लावला नाही. उलट झँथिपस शहराबाहेर गेले आणि त्यांचाच मुलगा पुढे अथेन्सचा सगळ्यात मोठा पुढारी झाला.

अतिमिया म्हणजे काय हे नियमांच्या यादीतून कळत नाही, ते स्ट्राटोनकडे पाहिल्यावर कळतं. हा गरीब माणूस. साठीला आलेल्या नागरिकांना लवादाचं काम करावं लागे, तसं त्याच्याकडे आलं. वक्ता डेमॉस्थेनीस आणि मेइडियास यांच्या तंट्याच्या दिवशी श्रीमंत मेइडियास आलाच नाही. स्ट्राटोनने संध्याकाळ उलटेपर्यंत वाट पाहिली आणि शेवटी त्याच्या गैरहजेरीत निकाल दिला. मेइडियासने डाव धरला. लवादांच्या कामकाजाच्या शेवटच्या दिवशी, स्ट्राटोन हजर नसताना, त्याच्यावर तक्रार टाकून त्याला अतिमोस करवून घेतलं. पुढे मेइडियासविरुद्धच्या खटल्यासाठी लिहिलेल्या भाषणात डेमॉस्थेनीस स्ट्राटोनला न्यायालयासमोर उभा करतो. फक्त उभा. कारण अतिमोसला तोंड उघडायची परवानगी नाही. आपल्यावर काय अन्याय झाला हे खुद्द त्यालाच सांगता येत नाही, दुसऱ्याने सांगायचं आणि त्याने मुकाट ऐकायचं. आयुष्यभर बोलावलं तेव्हा लढाईवर गेलेला तो म्हातारा.

वाळीत या शब्दातली कळ इथे आहे. आपल्याकडे रोटी-बेटी व्यवहार बंद होतो, पंगतीत बसू देत नाहीत, आणि माणूस मात्र त्याच गावात, त्याच वाटेने ये-जा करत राहतो. पुण्यातल्या पंचहौद मिशनमधल्या १८९० च्या चहावरून न्या. रानडे, टिळक आणि इतरांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, उठलं, ते मिटलं प्रायश्चित्तावर. परत यायची ही वाटही अतिमियासारखीच आहे: देणं भरा, दंड भरा, मग आत या. खापराला अशी वाट नव्हती आणि असणार तरी कशी? पापच नाही तर प्रायश्चित्त कशाचं? तिथे फक्त वर्षं मोजायची.

तरी अतिमियाला सरळ वाळीत म्हणून मोकळं होणंही मला मान्य नाही. अतिमिया राज्याच्या कायद्याने किंवा न्यायालयाच्या निकालाने येई, आणि ती सार्वजनिक हक्कांपुरती असे. अतिमोसच्या घरी जेवायला कायद्याने मनाई नव्हती. आपल्या जातपंचायतींनी नेमकं घरातलंच तोडलं: जेवण, लग्न, मयताला खांदा. आणि तेही कोणत्याही कायद्याच्या अधिकाराशिवाय. म्हणूनच महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला, जो जुलै २०१७ पासून लागू आहे.

खुद्द अथेन्समध्येही दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळायच्या, म्हणून आपला गोंधळ अगदीच निराधार नाही. थेमिस्टोक्लीस, सालामिसचा विजेता, इ.स.पू. ४७१ च्या सुमारास खापराने शहराबाहेर गेला आणि आर्गोसला राहू लागला. तोवर तो सन्मानित नागरिकच होता. मग तिथे असतानाच त्याच्यावर पर्शियाशी संधान बांधल्याचा आरोप आला, तो पळाला आणि देशद्रोही ठरला. सगळं बदललं ते या दुसऱ्या पायरीवर. थ्युसिडिडीस सांगतो की नातेवाइकांच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या अस्थी अ‍ॅटिकात, म्हणजे अथेन्सच्या प्रदेशात, गुपचूप पुरल्या, कारण देशद्रोह्याला त्या मातीत पुरायला परवानगी नव्हती. खापराने गेलेल्याला असं लपवून पुरावं लागलं नसतं. आंदोकिडीसचं प्रकरण याच्या उलट. त्याच्यावर आली ती देवळं आणि अगोरा यांची बंदी, पण शहरात तसं जगणं असह्य होऊन तो स्वतःच परदेशी निघून गेला. बाहेरून पाहिलं तर दोघेही अथेन्स सोडून गेलेले.

किमोनच्या घरात तर दोन्हींची सावली दिसते. बाप मिल्टियाडीस मॅरेथॉनचा वीर, पण पारोसची मोहीम फसल्यावर त्याला पन्नास टॅलंट दंड झाला आणि तो भरण्याआधीच जखम चिघळून तो गेला. ते देणं फेडलं किमोनने. पुढे इ.स.पू. ४६१ मध्ये खुद्द किमोनच्या नावाची खापरं निघाली, पण या वेळी फेडायला काही नव्हतं. तो परतला आणि सायप्रसच्या मोहिमेत अथेन्सचा सेनापती असतानाच वारला.

एक आकडा दोन्हीकडे आहे, आणि तो पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा मी थबकले होते. अतिमोसला हक्क परत देण्याचा विषय सभेत नुसता काढायचा तरी आधी सहा हजार नागरिकांच्या गुप्त मतदानाने मुभा घ्यावी लागे. निर्दोष माणसाला बाहेर पाठवायला सहा हजार, आणि दोषी माणसाला आत घ्यायला तोंड उघडायचं तरी सहा हजार. एरवी हात वर करून निर्णय घेणारं शहर या दोन ठिकाणी मात्र आकडा मोजायला बसे.

संकटात दोन्ही दारं उघडली. इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियाचा राजा झर्क्सिस चालून आला तेव्हा खापराने गेलेल्यांना बोलावून घेतलं. इ.स.पू. ४०५ मध्ये स्पार्टाविरुद्धच्या एगोस्पोटामीच्या लढाईत सगळं आरमार गेलं तेव्हा पात्रोक्लिडीसच्या ठरावाने मोठ्या संख्येने अतिमोस लोकांचे हक्क परत दिले. ठराव करताना लोकांना पर्शियाच्या स्वारीचीच आठवण होती, असं आंदोकिडीस सांगतो.

तोवर खापरं थांबली होती. इ.स.पू. ४१७ ते ४१५ च्या दरम्यान केव्हातरी निकियस आणि अल्किबियाडीस या दोन पुढाऱ्यांपैकी एक जाणार असं दिसत असताना दोघांनी आपापली माणसं एकत्र केली आणि नाव निघालं तिसऱ्याच हायपरबोलसचं. लोक आधी हसले, मग चिडले. हा मान असल्या माणसासाठी नव्हता, असं त्यांना वाटलं. ‘मान’ असंच वाटलं, हे ध्यानात घेण्याजोगं आहे. त्यानंतर कुणाचंही नाव खापरावर निघालं नाही. प्रश्न मात्र अ‍ॅरिस्टॉटलच्या काळातही दरवर्षी सभेत ठरल्या वेळी विचारला जात होता. त्याच शतकात, इ.स.पू. ३४५ च्या सुमारास, तिमार्कोस नावाच्या पुढाऱ्याचा सभेत बोलण्याचा हक्क न्यायालयाने अतिमियाचा निकाल देऊन काढून घेतला.