आरनॅव आणि आरएनपी: आकडा तोच, पहारा वेगळा

‘आरनॅव 1 आणि आरएनपी 1, यांत जास्त अचूक कोणतं?’ इंदुरात रामबाग, सुदामानगरच्या मराठी घरांतली जी मुलं पायलट लायसन्सच्या परीक्षेला बसतात, ती नॅव्हिगेशनच्या पेपरापाशी आली की हा प्रश्न विचारतातच. आणि बहुतेक जण स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात: आरएनपी.

हे उत्तर चूक आहे. आरनॅव (एरिया नॅव्हिगेशन) आणि आरएनपी (रिक्वायर्ड नॅव्हिगेशन परफॉर्मन्स) ही विमानाने मार्ग किती अचूक धरावा याची मानकं, आणि नावातला आकडा म्हणजे सागरी मैलांतली मर्यादा. इथे दोन्हींची अट एकच: उड्डाणाच्या किमान 95 टक्के वेळ विमान आखलेल्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना 1 सागरी मैलाच्या, म्हणजे 1.852 किलोमीटरच्या आत हवं. फरक पुढे आहे. विमान या मर्यादेत राहीलच याची खात्री उरली नाही, तर ते कोणाला कळणार?

एफएमएसला आधी बाजूला ठेवू, कारण निम्मा गोंधळ त्याच्यामुळे होतो. एफएमएस, म्हणजे फ्लाइट मॅनेजमेंट सिस्टिम, हे विमानातलं यंत्र आहे. दर 28 दिवसांनी बदलणाऱ्या डेटाबेसमधून ते मार्गाचे बिंदू घेतं, जीपीएस, डीएमई (जमिनीवरच्या केंद्रापासूनचं अंतर सांगणारी रेडिओ यंत्रणा) आणि इनर्शियल यंत्रणा (विमानाची हालचाल मोजणारी) यांचा मेळ घालून स्थान काढतं आणि ऑटोपायलटला वळायला सांगतं. आरनॅव आणि आरएनपी ही मात्र मानकं आहेत. एफएमएस नसलेलं छोटं विमानसुद्धा योग्य जीपीएस संचावर ती पाळू शकतं. उलट एफएमएस बसवलं म्हणून आरएनपीची मंजुरी आपोआप मिळत नाही.

पूर्वी विमानं एका व्हीओआरवरून (दिशा सांगणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून) दुसऱ्या व्हीओआरवर अशी जात. आरनॅवने ती सक्ती संपवली. अक्षांश-रेखांश देऊन बिंदू कुठेही ठेवता येऊ लागला. पण आपली चूक आपणच ओळखून पायलटला इशारा दे, असं आरनॅव यंत्रणेला सांगत नाही. म्हणून आरनॅव 1 चे मार्ग मुख्यतः रडार असेल तिथे वापरतात. विमान बाजूला सरकलं तर नियंत्रकाला पडद्यावर दिसतं.

आरएनपीत हा पहारा विमानातच असतो, आणि माझ्या मते सगळं मर्म इथे आहे. जीपीएसला स्थान काढायला चार उपग्रह लागतात. पाचवा मिळाला की त्यांच्यातला कोणीतरी चुकतोय हे कळतं. सहावा मिळाला की नेमका कोण, हे ओळखून त्याला वगळता येतं. यंत्रणा स्वतःची संभाव्य चूक सतत मोजत राहते. आरएनपी 1 मध्ये चूक 2 सागरी मैलांपलीकडे गेली असण्याची शक्यता एक लाखात एकाहून जास्त झाली, की पायलटला इशारा मिळालाच पाहिजे. म्हणून रडार नसलेल्या ठिकाणीही आरएनपी 1 चालतं.

काठमांडूसारख्या डोंगरांनी वेढलेल्या विमानतळावर आरएनपी एआर (ऑथरायझेशन रिक्वायर्ड) वापरतात. या प्रकारात मर्यादा 0.1 सागरी मैलापर्यंत, म्हणजे सुमारे 185 मीटरपर्यंत खाली आणता येते. त्यासाठी विमान आणि वैमानिक दोघांनाही खास मंजुरी लागते. बाजूला डोंगर असताना ‘मला आता खात्री नाही’ हे यंत्राने वेळेत सांगणं जीव वाचवणारं असतं.

नावं मात्र फसवी आहेत. समुद्रावरच्या मार्गांसाठीचं ‘आरएनपी 10’ खरं तर आरनॅव 10 आहे. त्यात इशाऱ्याची अट नाही, पण जुन्या मंजुऱ्यांमुळे नाव तसंच राहिलं. उलट, अमेरिकेच्या ज्या नकाशांवर ‘आरनॅव (जीपीएस)’ छापलेलं असतं, त्या उतरण्याच्या पद्धती आरएनपीच्या आहेत. शीर्षकावर विसंबू नका. विमानात काय हवं, याची चौकट वाचा.

आपल्याकडे इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारलेली गगन यंत्रणा जीपीएसमध्ये दुरुस्त्या पुरवते आणि संकेत भरवशाचा आहे की नाही, हेही कळवते. एप्रिल 2022 मध्ये राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोचं एटीआर विमान गगनच्या आधारे उतरवून दाखवण्यात आलं.

एक धोका मुलांना मी आवर्जून सांगतो. कोणी खोटे जीपीएस संकेत सोडले आणि ते एकमेकांशी जुळणारे असले, तर विमानातला पहाराही फसू शकतो. पडद्यावर सगळं ठीक दिसत राहतं. अशा वेळी जमिनीवरचं व्हीओआर आणि डीएमई कामी येतं. पडद्यावरचं स्थान आणि डीएमईचं अंतर यांत तफावत दिसली, तर लगेच नियंत्रकाला कळवायचं.